ठिणग्यांच्या पलीकडचा टेस्ला

मॅग्नेटिक फ्लक्स डेन्सिटीचं युनिट कोणतं, हे व्हायवाला विचारलं तर आपल्यापैकी कोणीही झोपेतून उठूनही सांगेल. टेस्ला! इंडक्शन मोटरचं प्रॅक्टिकल करताना, जर्नल कॉपी करताना हे नाव आपण शंभर वेळा तरी लिहिलेलं असतं. १९६० साली त्याचं नाव युनिटला देण्यात आलं आणि २००३ पासून तर ते एका गाडीच्या कंपनीलाही चिकटलं. पण ज्या माणसाचं हे नाव, तो रात्री कोणाबरोबर जेवायचा, आजारी पडला की त्याच्याकडे कोण यायचं, हे काही सिलॅबसमध्ये नाही. मला मात्र मोटरपेक्षा याच गोष्टीची उत्सुकता जास्त वाटली आणि म्हणून हा लेख.

एक सांगून टाकते. माणूस माझ्या पणजोबांच्याही आधीचा, तेव्हा खरं तर अहोजाहो करायला हवं. पण सेमिस्टरभर रोज भेटणाऱ्याला आपण अहोजाहो करत नाही. म्हणून मी त्याला अरेतुरेच करणार आहे.

निकोला टेस्लाचा जन्म १० जुलै १८५६ चा. गाव स्मिल्यान. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज क्रोएशियात आहे. घर सर्बियन, वडील ऑर्थोडॉक्स चर्चचे धर्मगुरू. आईला लिहितावाचता येत नव्हतं, पण घरकामाची छोटी छोटी अवजारं ती स्वतः बनवायची आणि सर्बियन वीरकाव्यं तिला तोंडपाठ होती. पुढे टेस्लानं आपल्या कल्पकतेचं श्रेय नेहमी आईलाच दिलं.

१८७५ मध्ये तो ग्राझच्या पॉलिटेक्निकमध्ये दाखल झाला. पहिल्या वर्षी टॉपर! आणि नंतर? पत्ते आणि जुगाराचा नाद लागला, अभ्यास सुटला आणि डिग्री न घेताच तो बाहेर पडला. ज्यांना एटीकेटी लागली आहे त्यांनी यातून दिलासा घ्यावा, पण प्रेरणा घेऊ नये ही विनंती!

पुढची गोष्ट बुडापेस्टची. तिथे तो इतका आजारी पडला की डॉक्टरांनीही हात टेकले होते. त्या काळात अँटनी सिगेटी नावाचा मित्र त्याच्या सोबत होता. या मित्राचं शरीर कमावलेलं, व्यायामाचा शौकीन. यानं टेस्लाला घराबाहेर काढलं, फिरायला लावलं. १८८२ मध्ये असंच एकदा संध्याकाळी दोघं बागेत फिरत होते. टेस्ला गटेची कविता म्हणत होता आणि म्हणता म्हणता थबकला. फिरतं चुंबकीय क्षेत्र, म्हणजे आपलं आरएमएफ, त्याला त्या क्षणी सुचलं. काठी घेऊन त्यानं तिथेच मातीत आकृती काढली आणि सिगेटीला समजावून सांगितली. एसी मोटरची पहिली आकृती कागदावर नाही, मातीत काढली गेली आणि ती बघायला एकच माणूस हजर होता. ना टाळ्या, ना फोटो. हा सिगेटी पुढे न्यूयॉर्कच्या प्रयोगशाळेतही त्याच्याबरोबर कामाला होता.

१८८४ मध्ये टेस्ला न्यूयॉर्कला उतरला. एडिसनकडे नोकरी केली, पण ती काही महिन्यांतच सोडली. एक वेळ अशी आली की पोटासाठी त्यानं खड्डे खणायचंही काम केलं. पण १८८८ मध्ये त्याची एसी मोटरची पेटंटं वेस्टिंगहाउसनं घेतली आणि चक्रं फिरली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एसीचे दिवे लखलखले. १८९६ मध्ये नायगाराची वीज बफेलो शहरात पोचली. खड्डे खणणारा माणूस न्यूयॉर्कचा हिरो झाला.

आणि इथून सुरू झाला झगमगाट.

सहा फुटांच्या वर उंची, सडपातळ बांधा, पांढरे हातमोजे, कडक इस्त्रीचे कपडे आणि कितीतरी भाषा अस्खलित. डेल्मोनिको नावाच्या बड्या हॉटेलात, नंतर वॉल्डॉर्फ अस्टोरियात त्याचं टेबल ठरलेलं. असं सांगतात की टेबलावर अठरा स्वच्छ नॅपकिनची चळत लागायची आणि काटेचमचे पुसून मगच तो जेवायला सुरुवात करायचा. शहरातले कोट्यधीश, नट, लेखक, संपादक त्याच्याबरोबर जेवायला मिळावं म्हणून धडपडायचे. फ्रेंच अभिनेत्री सारा बर्नहार्ट न्यूयॉर्कला आली तेव्हा १८९६ च्या सुरुवातीला याच वर्तुळात त्याची आणि आपल्या स्वामी विवेकानंदांची भेट झाली.

जेवण झालं की पाहुण्यांची वरात प्रयोगशाळेत. दिवे मालवले जायचे. अंधारात टेस्ला वायर न जोडलेली काचेची नळी हातात धरायचा आणि ती उजळून निघायची. हजारो व्होल्ट तो स्वतःच्या शरीरातून जाऊ द्यायचा. (फ्रीक्वेन्सी खूप जास्त असली की आपल्या नसा तिला प्रतिसाद देत नाहीत, म्हणून झटका जाणवत नाही. पण भाजू शकतं, तेव्हा लॅबमध्ये कोणीही टेस्ला व्हायला जाऊ नये.) बायका किंचाळायच्या, पुरुष टाळ्या वाजवायचे. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याची चर्चा. आजच्या भाषेत सांगायचं तर टेस्ला व्हायरल होता.

पण यातली किती माणसं ठिणग्या बघायला आली होती आणि किती टेस्लाला भेटायला? मला हा प्रश्न पडतो, कारण आपल्याकडेही वेगळं काय आहे? मी कॉन्व्हेंटची. इंग्लिश फाडफाड येतं म्हणून फर्स्ट इयरलाच मला फेस्टच्या कमिटीत घेतलं, स्टेजवर अँकरिंग दिलं. आठवड्याभरात फोनमध्ये दोनशे नवीन नंबर आणि इन्स्टाग्रामवर प्रत्येक फोटोखाली बदामांचा पाऊस. त्याच वर्षी मला डेंग्यू झाला. गेट वेल सूनचे मेसेज ढिगानं आले, त्यांना नावं ठेवायची नाहीत मला. पण रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवत बसली ती माझी रूममेट. बीड जिल्ह्यातली, फेस्टला कधीही न फिरकलेली. दुसऱ्या दिवशी तिचं सबमिशन होतं. मेसच्या मावशींना पटवून तिनं मऊ भात करून आणला आणि मी चार घास खाईपर्यंत शेजारून हलली नाही. दोनशे नंबरांचं वजन एका बाजूला आणि ही एकटी दुसऱ्या बाजूला! टेस्लाच्या चरित्रात मी तेव्हापासून अशी माणसं शोधायला लागले. आणि ती सापडली.

पहिलं घर जॉन्सनांचं. रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन हा ‘सेंच्युरी’ नावाच्या मोठ्या मासिकाचा संपादक आणि कॅथरिन ही त्याची बायको. १८९३ च्या सुमाराला ओळख झाली आणि ३२७, लेक्सिंग्टन अॅव्हेन्यू हे त्यांचं घर टेस्लाचं हक्काचं घर झालं. तिथे तो शास्त्रज्ञ नव्हता. बसून सर्बियन कविता म्हणून दाखवायचा. जॉन्सनबरोबर त्यानं त्यातल्या काहींचा इंग्रजीत अनुवादही केला. त्यातल्याच एका वीराच्या नावावरून तो जॉन्सनला लुका म्हणायला लागला. टोपणनाव पडलं की दोस्ती पक्की, हा नियम हॉस्टेलसारखाच तिथेही!

१३ मार्च १८९५ च्या पहाटे त्याची प्रयोगशाळा आगीत जळून खाक झाली. विमा नव्हता. यंत्रं, टिपणं, वर्षानुवर्षांचं काम, सगळी राख. वर्तमानपत्रांनी साऱ्या जगाचं नुकसान झालं असं लिहिलं. ते खरंच होतं. पण जॉन्सन नवराबायको त्याला शोधत होते आणि तो कुठेच सापडत नव्हता. कॅथरिननं त्याला चिठ्ठी पाठवली. तिला यंत्रांचं काही विचारायचं नव्हतं, तो स्वतः एकदा डोळ्यांना दिसावा एवढीच तिची मागणी होती. मला वाटतं, खऱ्या माणसाची ओळख इथेच पटते. बाकी सगळे काय जळलं ते विचारतात, तो मात्र तू कुठे आहेस असं विचारतो.

दुसरा माणूस म्हणजे मार्क ट्वेन. तोच, टॉम सॉयरवाला. टेस्लानं आत्मकथनात लिहिलंय की तरुणपणी तो मरणाच्या दारात असताना ट्वेनची पुस्तकं त्याच्या हाती लागली आणि त्या हसण्यानं त्याला बरं केलं. पुढे ओळख झाल्यावर त्यानं हे ट्वेनला सांगितलं तेव्हा लोकांना हसवणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

दोघांचा एक किस्सा तर भारीच आहे. टेस्लानं कंप पावणारा एक प्लॅटफॉर्म बनवला होता. ट्वेन त्यावर चढला. खूप मजा येते म्हणून उतरेचना. टेस्ला सांगतोय, आता पुरे, उतर खाली. ऐकतो कोण? आणि एकदम ट्वेनची जी धावपळ झाली ती थेट टॉयलेटच्या दिशेनं! त्या कंपनांचा पोटावर काय परिणाम होतो हे प्रयोगशाळेतल्या लोकांना आधीच माहीत होतं.

१८९४ साली प्रयोगशाळेत काढलेला ट्वेनचा एक फोटो प्रसिद्ध आहे. नेटवर सहज मिळेल. ट्वेननं हातात तारेचं कडं धरलंय आणि त्यावरचा दिवा पेटलाय. नीट बघा, मागे डावीकडे अंधारात एक अंधूक चेहरा दिसतो. तो टेस्ला. ज्याच्या भोवती अख्खं शहर नाचत होतं, तो या फोटोत मागे उभा राहून मित्राच्या हातातला दिवा पेटवतोय.

या फोटोच्याच वर्षी, १८९४ मध्ये, ट्वेनचं दिवाळं निघालं होतं. छपाईचे खिळे आपोआप जुळवणारं एक यंत्र होतं, पेज कंपोझिटर. ट्वेननं त्यात होतं नव्हतं ते घातलं. पण हजारो भागांचं ते यंत्र सारखं बिघडायचं. बाजारात दुसऱ्याच यंत्रानं बाजी मारली. त्याची प्रकाशन संस्थाही बुडाली. कर्ज फेडण्यासाठी साठीच्या उंबरठ्यावर तो जगभर व्याख्यानं देत फिरला. त्याच दौऱ्यात जानेवारी १८९६ मध्ये तो आपल्या मुंबईतही येऊन गेला. हे दिवाळं लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. टेस्लाला माणसं मिळाली, पण त्यानं ती नीट सांभाळली असं मला म्हणता येत नाही. कॅथरिन वर्षानुवर्षं बोलवायची. नाताळचं जेवण, थँक्सगिव्हिंग, एखादी साधी संध्याकाळ. त्याची उत्तरं गोड असायची, गमतीची असायची, पण अनेकदा त्यात कामाची सबब असायची. लग्न त्यानं केलं नाही. संशोधकानं संसारात पडू नये असं त्याचं ठाम मत होतं. वॉल्डॉर्फमध्ये बड्या लोकांपुढे बसायला वेळ होता, कारण त्यांच्याकडून भांडवल मिळवायचं होतं. लेक्सिंग्टन अॅव्हेन्यूवर मात्र नुसतंच माणूस म्हणून बसायचं होतं, ते राहून जायचं. आपलं तरी काय होतं? फेस्टच्या मीटिंगला आपण वेळेवर जातो आणि घरून आईचा फोन आला की दोन मिनिटांत करतो म्हणतो.

१९०१ मध्ये जे. पी. मॉर्गनच्या दीड लाख डॉलरवर त्यानं वॉर्डनक्लिफचा प्रचंड टॉवर उभारायला घेतला. वायर न वापरता साऱ्या जगाला संदेश आणि पुढे वीजही पोचवायची, असं स्वप्न. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मार्कोनीनं बऱ्याच साध्या उपकरणांनी अटलांटिकपार सिग्नल पाठवला. मॉर्गननं पुढचे पैसे नाकारले. एक मोठा माणूस मागे हटला की बाकीचेही हटतात. काम ठप्प झालं. वॉल्डॉर्फचं बिल थकत थकत वीस हजार डॉलरच्या घरात गेलं आणि ती जागा हॉटेलच्या नावावर करून द्यावी लागली. १९१७ मध्ये टॉवर पाडला. जेवायला धडपडणारे ते कोट्यधीश आता कुठे होते?

त्याच १९१७ साली त्याला एडिसन मेडल मिळालं. नावातली गंमत बघा! समारंभाच्या दिवशी जेवणं झाली, सगळे हॉलकडे निघाले आणि सत्कारमूर्तीच गायब. शोधाशोध झाली. त्याचा चरित्रकार ओ’नील लिहितो की टेस्ला जवळच्या ब्रायंट पार्कात सापडला. सूटबूट घातलेला, अंगाखांद्यावर कबुतरं बसलेली आणि तो त्यांना दाणे घालतोय. मग तो आला, भाषणही छान केलं. पण त्या संध्याकाळी त्याला आपलं कोण वाटलं हे कळतंच.

पुढची वर्षं एका हॉटेलातून दुसऱ्या हॉटेलात. बिल थकलं की सामान बाहेर. खोलीत कबुतरं आणतो म्हणूनही तक्रारी. १९३४ मध्ये हॉटेल न्यूयॉर्करच्या तेहतिसाव्या मजल्यावर तो राहायला गेला आणि तिथलं भाडं वेस्टिंगहाउस कंपनी भरायला लागली.

पण तरीही काही माणसं सुटली नाहीत. हॉब्सन हा १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धातला गाजलेला वीर, जॉन्सनांमुळेच ओळख झालेला. म्हातारपणी हॉब्सन आणि टेस्ला महिन्यातून एकदा सिनेमाला जायचे आणि नंतर बाकावर बसून मध्यरात्र उलटेपर्यंत गप्पा मारायचे. एक युद्धातला हिरो, एक विजेचा जादूगार, दोघांभोवतीची गर्दी केव्हाच पांगलेली. टपरीवर रात्री दीडपर्यंत चालणारी आपली चर्चा यापेक्षा वेगळी नसते.

आणि एक होता केनेथ स्वीझी. पंचविशीतला विज्ञान लेखक, म्हणजे आपल्याहून थोडासाच मोठा. १९३१ मध्ये टेस्लाला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. जग त्याला जवळजवळ विसरलं होतं. या पोरानं जगभरच्या शास्त्रज्ञांना पत्रं लिहिली. सत्तरहून जास्त शुभेच्छापत्रं आली, त्यात आईन्स्टाईनचंही होतं. ती सगळी बांधून त्यानं म्हाताऱ्याला भेट दिली. ‘टाइम’ साप्ताहिकानंही त्या महिन्यात टेस्लाला मुखपृष्ठावर आणलं. स्वीझीला यातून काय मिळणार होतं? ठिणग्या तर केव्हाच विझल्या होत्या.

१९३७ मध्ये टेस्लाला रस्त्यात टॅक्सीनं उडवलं. बरगड्या मोडल्या. डॉक्टरला बोलवायला त्यानं नकार दिला, पण खोलीवर पोचताच कबुतरांना दाणे घालायला माणूस पाठवला. हॉब्सन आणि जॉन्सन दोघंही त्याच वर्षी गेले. कॅथरिन तर त्याच्या आधीच गेली होती.

आता शेवटचा प्रसंग. हाही ओ’नीलनं लिहून ठेवलाय. जानेवारी १९४३. टेस्ला शहाऐंशी वर्षांचा, अशक्त, एकटा. त्यानं निरोप्या पोऱ्याला बोलावलं आणि एक बंद पाकीट दिलं. पाकिटावर नाव होतं सॅम्युएल क्लेमेन्स, म्हणजे मार्क ट्वेनचं खरं नाव. पत्ता, ३५, साउथ फिफ्थ अॅव्हेन्यू. पोरगा शहरभर फिरून परत आला. या नावाचा रस्ताच आता नाही म्हणाला. आणि मार्क ट्वेन तर १९१० मध्येच वारला होता. टेस्ला ऐकायला तयार नाही. त्याचं म्हणणं, काल रात्रीच तो माझ्या खोलीत येऊन बसला होता, तासभर बोलला, त्याला पैशांची अडचण आहे. पाकीट पोचवता आलं नाही तर तू ठेव, असंही त्यानं त्या पोराला सांगितलं. पाकीट उघडलं तर आत कोरा कागद आणि त्यात गुंडाळलेल्या पाच डॉलरच्या वीस नोटा.

लोक याला म्हातारचळ म्हणतील. पण पत्ता बघा. ३५, साउथ फिफ्थ अॅव्हेन्यू हा ट्वेनच्या घराचा पत्ता नव्हताच. तो टेस्लाच्याच जळालेल्या प्रयोगशाळेचा पत्ता. तो फोटो काढला ती जागा. आणि ट्वेनला पैशांची अडचण होती ती १८९४ मध्ये, त्याच फोटोच्या वर्षी. म्हणजे शेवटच्या दिवसांत त्याचं मन जिथे परत गेलं तिथे ना वॉल्डॉर्फ होतं, ना मॉर्गन, ना टाळ्या. तिथे अडचणीत असलेला एक मित्र होता. स्वतःचं भाडं दुसरे भरत असताना तो त्याला शंभर डॉलर पाठवत होता, एकोणपन्नास वर्षं उशिरा.

७ जानेवारी १९४३ ला ३३२७ नंबरच्या खोलीत टेस्ला गेला. दारावर त्रास देऊ नका अशी पाटी होती. ती न जुमानता सफाई करणारी बाई दुसऱ्या दिवशी आत गेली, तेव्हा जगाला कळलं. अंत्यविधीला दोन हजारांच्या आसपास माणसं जमली होती.

मित्रांनो, टेस्ला बिचारा एकटा होता असं म्हणून मला लेख संपवायचा नाही. त्याला माणसं भेटली होती, चांगली भेटली होती, अगदी शेवटपर्यंत. मोजायला गेलं तर एका हाताची बोटं पुरतील एवढीच, पण कोणाच्याही आयुष्यात याहून जास्त असतात असं मला वाटत नाही. फरक एवढाच की त्यातली बरीचशी जेव्हा बोलवत होती, तेव्हा तो घाईत होता.

आपण अजून कॅम्पसमध्ये आहोत. त्या पाकिटावर तुम्ही कोणाचं नाव लिहाल, हे एकदा मनाशी विचारून बघा. नाव सुचलं असेल तर पाकीट नको, पत्ताही नको. आज रात्री मेसमध्ये ताट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसा, आणि फोन खिशातच राहू द्या.